उष्ण पाणी आणि उष्ण भूमी : राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि कोकण-लडाखमधील भूऔष्णिक शोधाचा इतिहास

प्रस्तावना

पश्चिम महाराष्ट्रात गरम पाण्याच्या झऱ्याला 'उन्हाळे' हा जुना शब्द आहे. राजापूरजवळचे उन्हाळे हे गाव आणि उन्हवरे ही गावनावे याच शब्दाच्या कुळातील होत. पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील अरुंद पट्टीत सुमारे १८ ठिकाणी असे साठएक झरे आहेत. त्यांपैकी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, सव, उन्हवरे, आरवली, तुरळ आणि राजवाडी ही नावे मराठी वाचकाला परिचित आहेत. या पाण्याचे तापमान साधारण ३५ ते ७१ अंश सेल्सिअस इतके असते. या कुंडांभोवती देवस्थाने उभी राहिली, त्वचाविकार बरे होतात म्हणून स्नानाची प्रथा पडली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच पाण्यातून वीज निर्माण होईल अशी आशाही निर्माण झाली.

ही आशा कशी जन्मली, तिची पारख कोणत्या साधनांनी झाली आणि त्या पारखेतून जे उत्तर मिळाले ते लोकांपर्यंत का पोहोचले नाही, यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. या इतिहासाच्या केंद्रस्थानी हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आहे. भूऔष्णिक शोधकार्यात या संस्थेने केलेले सर्वांत मोलाचे काम वरकरणी साधे वाटते. उष्ण पाणी आणि उष्ण भूमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिने मोजमापाने दाखवून दिले.

झऱ्यांच्या नोंदीपासून ऊर्जेच्या कल्पनेपर्यंत

भारतातील उष्ण झऱ्यांची पहिली मोठी शास्त्रीय यादी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संस्थापक-अधीक्षक थॉमस ओल्डहॅम यांनी तयार केली. ते १८७८ मध्ये निवर्तले. त्यांच्या पश्चात त्यांचे पुत्र रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी ही यादी संपादित करून १८८२ मध्ये सर्वेक्षणाच्या 'मेमॉयर्स'मध्ये प्रसिद्ध केली. मुंबई गॅझेटियरचे रत्नागिरी आणि ठाणे जिल्ह्यांचे खंड याच काळातले, अनुक्रमे १८८० व १८८२ चे. त्या काळच्या नोंदींमध्ये झऱ्याचे स्थान, उष्णता, पाण्याचा वास व चव आणि तेथील यात्रा अशी माहिती एकत्रच दिलेली आढळते. झरा हा तेव्हा कुतूहलाचा आणि आरोग्याचा विषय होता. ऊर्जेचा विषय तो अद्याप झालेला नव्हता.

तो बदल बाहेरून आला. इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ मध्ये भूगर्भातील वाफेवर पाच दिवे पेटविण्यात आले. न्यूझीलंडमधील वैराकेई येथील केंद्र १९५८ मध्ये, तर अमेरिकेतील 'द गीझर्स' येथील केंद्र १९६० मध्ये सुरू झाले. १९६१ मध्ये रोम येथे नव्या ऊर्जास्रोतांवर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. त्याच वर्षी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हैदराबाद येथे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था स्थापन केली. हा निव्वळ योगायोग असला तरी पुढील घडामोडी पाहता तो अर्थपूर्ण ठरतो. भारत सरकारने नेमलेल्या उष्ण झरे समितीचा अहवाल १९६८ मध्ये आला आणि झऱ्यांचा ऊर्जेच्या दृष्टीने पद्धतशीर शोध घेण्याचा मार्ग मोकळा झाला. १९७३ च्या तेलसंकटाने या कामाला निकड दिली. कोकण किनारा व हिमाचल प्रदेशातील पार्वती खोरे येथील शोधकार्याला पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचेही साहाय्य मिळाले.

उष्णता-प्रवाह म्हणजे काय

येथे थोडे थांबून या संस्थेच्या मुख्य साधनाचा परिचय करून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व वाद त्याभोवतीच फिरतो.

पृथ्वीच्या अंतर्भागातून पृष्ठभागाकडे सतत उष्णता वाहत असते. एखाद्या ठिकाणी ती किती वाहते हे ठरविण्यासाठी दोन गोष्टी मोजाव्या लागतात. खोलीनुसार तापमान किती वेगाने वाढते ही पहिली आणि तेथील खडक उष्णता किती सहज वाहून नेतो ही दुसरी. पहिल्या मोजमापासाठी खोल विंधन विवरात अतिसंवेदनशील तापमापक टप्प्याटप्प्याने सोडावा लागतो. दुसऱ्यासाठी त्याच विवरातून काढलेले खडकाचे नमुने प्रयोगशाळेत तपासावे लागतात. या दोहोंचा गुणाकार म्हणजे उष्णता-प्रवाह. तो प्रति चौरस मीटर मिलीवॉटमध्ये सांगतात आणि खंडीय भूभागाची जागतिक सरासरी ६५ च्या आसपास आहे.

सूत्र सोपे असले तरी काम सोपे नाही. विवर खोदताना वापरलेल्या पाण्यामुळे खडकाचे मूळ तापमान बिघडते. ते पूर्ववत होईपर्यंत महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. विवरात पाणी वर-खाली वाहत असेल तर मोजमाप निरुपयोगी ठरते. याहून मोठी अडचण विवरांचीच होती. केवळ तापमान मोजण्यासाठी शेकडो मीटर खोल छिद्र पाडण्याइतका पैसा साठच्या दशकात कोणत्याही भारतीय प्रयोगशाळेकडे नव्हता. म्हणून हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी इतरांनी इतर कारणांसाठी पाडलेली विवरे गाठली. सिंहभूममधील मुसाबनीची तांब्याची खाण, कोलारच्या सोन्याच्या खाणी, राजस्थानातील खेत्री, झरियाचे कोळसाक्षेत्र आणि खंबातच्या खोऱ्यातील तेलविहिरी ही त्यांची पहिली कार्यक्षेत्रे होत. आर. के. वर्मा, एम. एल. गुप्ता, आर. यू. एम. राव आणि हरी नारायण यांची नावे या पहिल्या टप्प्याशी निगडित आहेत. भारताच्या भूगर्भीय उष्णतेचे पहिले चित्र अशा रीतीने खाण आणि तेल उद्योगांच्या पाऊलखुणांवरून तयार झाले. जेथे खनिज नाही तेथे विवर नाही आणि जेथे विवर नाही तेथे आकडाही नाही.

या चित्रात खंबातचे खोरे उठून दिसले. तेथे ७५ ते ९३ इतका प्रवाह नोंदला गेला. भारतीय ढालप्रदेशातील जुने खडक मात्र थंड निघाले. आणि महाराष्ट्राचा बहुतांश भाग व्यापणारा दख्खनचा बेसाल्ट प्रदेश जवळजवळ कोराच राहिला, कारण बेसाल्टच्या जाड थरांखाली कोणी सोने वा तेल शोधत नव्हते.

ज्वालामुखीचा मोह

हा कोरेपणा कोकणाच्या बाबतीत घातक ठरला, असे म्हणावे लागते. दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या लाव्हारसाने बनले आहे हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच खडकातून उकळते वाटावे असे पाणी वर येताना पाहिले की, खाली तो अग्नी अजून धगधगत असावा, हा तर्क आपोआप सुचतो. तुरळ किंवा उन्हवरे येथे उभे राहिलेल्या कोणालाही तो पटेल. केवळ सामान्य माणूसच नव्हे, तर अनेक पाठ्यपुस्तकी लेखनही कोकणातील झऱ्यांचा संबंध दख्खनच्या ज्वालामुखीशी जोडत आले आहे.

परंतु दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. पृष्ठभागावर पसरलेला एक-दोन किलोमीटर जाडीचा लाव्हा एवढ्या काळात पूर्णपणे निवतो. तो आज काही उष्णता देत असेल ही शक्यता भौतिकशास्त्राच्या साध्या हिशेबातही टिकत नाही. प्रश्न उरतो तो कवचाच्या अधिक खोल भागाचा. तेथे उशिरा घुसलेला एखादा तप्त शिलारस अजून आहे काय? याचे उत्तर तर्काने देता येत नाही. त्यासाठी विवरच हवे.

एम. एल. गुप्ता आणि संस्थेचे संचालकपद भूषविलेले विनोद गौर यांनी १९८४ मध्ये दख्खन ज्वालामुखी प्रदेशातील उष्णता-प्रवाहावर शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा हाताशी असलेली निरीक्षणे मोजकीच होती. ती संख्या वाढण्यास कारण ठरली ती ऊर्जेची गरज नव्हे, तर भूकंप. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर आणि विशेषतः ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या प्रदेशाच्या अंतर्भागाकडे देशाचे लक्ष वेधले गेले. किल्लारी येथे भूकंपाच्या अभ्यासासाठी ६१७ मीटर खोल विवर घेण्यात आले. त्यात ३३८ मीटरवर बेसाल्ट संपून खालचा प्राचीन पायाभूत खडक लागला. सुकांत रॉय आणि आर. यू. एम. राव यांनी तेथे उष्णता मोजली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा आकडा होता ४३. कोयना परिसरातील मूल्यही जवळपास तेवढेच आहे. म्हणजे जगाच्या सरासरीहून कमी आणि कोलारसारख्या कोट्यवधी वर्षे शांत असलेल्या ढालप्रदेशाच्या जवळचे. हजारो माणसांचा बळी घेणाऱ्या आपत्तीच्या शोधात पाडलेल्या छिद्राने कोकणातील वीजस्वप्नालाही परस्पर उत्तर दिले, याची दखल मराठीत फारशी घेतली गेलेली नाही.

कोयनेच्या विवरांनी सांगितलेला हिशेब

२०११ नंतर कोयना परिसरात वैज्ञानिक खोल विंधनाचा प्रकल्प सुरू झाला. पहिल्या टप्प्यात सुमारे दीड किलोमीटर खोलीची विवरे घेण्यात आली. त्यांपैकी रासाटी येथील पहिल्या विवरात बेसाल्टची जाडी ९३२.५ मीटर भरली आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नीस खडक लागला. दख्खनच्या थराखाली काय आहे हा शतकभराचा प्रश्न तेथे एका गाभ्याच्या नमुन्याने मिटला. त्यानंतर गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोलीचे पथदर्शी विवर पूर्ण झाले. या कामाची सूत्रे आता कराड येथील बोरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळेकडे आहेत.

या माहितीच्या आधारे एक ढोबळ हिशेब करता येतो. कोयनेसारख्या ठिकाणी प्रवाह ४१-४३ धरला आणि बेसाल्टची उष्णतावाहकता सुमारे १.७ व ग्रॅनाइटची सुमारे २.९ मानली, तर बेसाल्टमध्ये दर किलोमीटरला २४-२५ अंश आणि ग्रॅनाइटमध्ये केवळ १४-१५ अंश तापमान वाढते. पृष्ठभागावर २६ अंश असता बेसाल्टच्या तळाशी पन्नासच्या आत-बाहेर तापमान येते. पुढे शंभर अंश गाठण्यासाठी एकूण चार ते साडेचार किलोमीटर खाली जावे लागेल. वीजनिर्मितीसाठी सोयीचे दीडशे-दोनशे अंश हवे असतील तर खोली आठ ते अकरा किलोमीटरच्या घरात जाते. तेथवर विहीर नेणे आणि तिच्यातून विजेचा खर्च भरून काढणे या दोन्ही गोष्टी आजच्या तंत्रात बसत नाहीत.

मग कोकणात ७१ अंशांचे पाणी येते कोठून? पाण्यातील ऑक्सिजन व हायड्रोजनच्या समस्थानिकांचे प्रमाण सांगते की हे पाणी पावसाचेच आहे. विरघळलेल्या सिलिका व क्षारांवरून केलेली अनुमाने त्याचे खोलवरचे तापमान शंभर अंशांच्या थोडे पुढे नेऊन ठेवतात. सह्याद्रीच्या परिसरात पडलेल्या पावसाचा अल्पसा भाग भेगांमधून काही किलोमीटर खाली उतरतो, तेथील सामान्य उष्णतेने तापतो आणि किनाऱ्याला समांतर असलेल्या भ्रंशरेषांवर एखादी मोकळी वाट सापडली की निवायला उसंत न मिळता वर येतो. यासाठी धगधगता शिलारस लागत नाही. लागते ती खोलवर गेलेली भेग. झऱ्यांच्या पाण्यातील क्लोराइडचे मूळ समुद्राच्या पाण्यात की खालच्या ग्रॅनाइटमध्ये, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डी. चंद्रशेखरम यांनी या रसायनावर दीर्घकाळ काम केले असून, पश्चिम किनाऱ्याच्या ऊर्जाक्षमतेविषयी त्यांचा सूर हैदराबादपेक्षा आशावादी राहिला आहे. मात्र पाणी पावसाचे आहे याविषयी वाद उरलेला नाही.

झऱ्याशेजारीच उथळ विवर घेतले तर तेथे तापमान झपाट्याने वाढताना दिसते. ती वाढ तशीच खोलवर चालू राहील असे गृहीत धरून केलेले अंदाज फसवे असतात, कारण ते विवर वर येणाऱ्या गरम पाण्याच्या वाटेवर असते. थोडे खाली गेले की तापमान स्थिरावते. स्वयंपाकघरातील चुलीच्या धुराड्याला हात लावून सगळ्या घराची ऊब ठरविण्यासारखे ते आहे. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी झऱ्यांपासून दूरची, शांत विवरे का शोधली याचे कारण हेच.

पुगा : जेथे भूमीच उष्ण आहे

याच्या नेमके उलट चित्र लडाखमध्ये आहे. सुमारे ४,४०० मीटर उंचीवरील पुगा खोऱ्यात ८४ अंशांपर्यंतचे झरे आहेत. त्या उंचीवर पाणी साधारण तेवढ्याच तापमानाला उकळते. गंधक आणि टाकणखार यांसाठी हे खोरे पूर्वीपासून प्रसिद्ध होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७२-७३ पासून येथे पद्धतशीर काम हाती घेतले. एकूण ३४ विवरे घेण्यात आली. त्यांतील सर्वांत खोल विवर ३८५ मीटरांचे, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील भूऔष्णिक विहिरींच्या तुलनेत उथळच होते. तरीही १४० अंशांपर्यंत तापमान मिळाले आणि निम्म्या विवरांतून वाफ व पाणी आपोआप उसळले. वर्षातील थोडे महिने उघडणारा मार्ग, विरळ हवा आणि हाडे गोठविणारी थंडी यांत हे काम झाले. देशातील ऊर्जाशोधाच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान मिळायला हवे.

हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी येथे उष्णता व विद्युत-रोध यांची मापने केली. एम. एल. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये खोऱ्याखालील तापमानाची रचना मांडली. उथळ विवरांच्या खाली काय आहे हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. तो सोडविण्यासाठी टी. हरिनारायण आणि त्यांच्या गटाने एकविसाव्या शतकाच्या आरंभी मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत वापरली. सूर्यापासून येणारे कण व दूरच्या विजांचे कडकडाट यांमुळे पृथ्वीभोवती विद्युतचुंबकीय लहरी निर्माण होतात. जमिनीत त्यांचा होणारा प्रतिसाद नोंदवून खोलवरचे सुवाहक थर ओळखण्याची ही पद्धत आहे. २००६-०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुगाखाली सुमारे दोन किलोमीटरवर एक ठळक सुवाहक क्षेत्र आढळले आणि तेथील तापमान अडीचशे अंशांच्या पुढे असावे असा अंदाज बांधण्यात आला. हिमालयाच्या टकरीत जाड झालेल्या, अंशतः वितळलेल्या कवचाची ही उष्णता आहे. कोकणाची आणि पुगाची गणना एकाच यादीत करणे किती दिशाभूल करणारे आहे, हे यावरून दिसते.

आकड्यांचे राजकारण

तरीही गणना एकाच यादीत होत राहिली. भारताची भूऔष्णिक क्षमता १०,६०० मेगावॉट असल्याचा अंदाज नव्वदच्या दशकापासून शासकीय कागदपत्रांत, भाषणांत आणि वर्तमानपत्रांत सातत्याने फिरतो आहे. तो प्रामुख्याने झऱ्यांच्या पृष्ठभागीय व रासायनिक माहितीवर आधारलेला आहे. खोल विहिरींनी सिद्ध केलेला तो साठा नव्हे. १९९१ च्या भूऔष्णिक मानचित्रावलीत ३४० झरे नोंदले होते, २०२२ च्या सुधारित आवृत्तीत ते ३८१ झाले. झऱ्यांची संख्या वाढली, पण जाळ्याला जोडलेले एकही व्यापारी भूऔष्णिक केंद्र या तीन दशकांत देशात उभे राहिले नाही. मणिकरण येथे पाच किलोवॉटचा प्रायोगिक संच चालविण्यात आला. छत्तीसगडमधील तातापानी येथे ११२ अंशांचे पाणी मिळूनही तीनशे किलोवॉटचा संच कागदावरच राहिला.

याचे खापर संशोधकांवर फोडणे अन्यायाचे होईल. हर्ष गुप्ता आणि सुकांत रॉय यांचा भूऔष्णिक ऊर्जेवरील इंग्रजी ग्रंथ २००६ च्या अखेरीस नेदरलँड्समधील प्रकाशनसंस्थेने काढला. दोन्ही लेखक हैदराबादच्या संस्थेशी निगडित होते. या विषयाचे भारतातील ज्ञान जगात मानले जात होते. उणीव होती ती मोजमाप आणि निर्णय यांना जोडणाऱ्या दुव्याची. 'येथे नाही' हे उत्तर ज्या व्यवस्थेत अपयश मानले जाते, तेथे 'तेथे आहे' या उत्तरालाही वजन येत नाही. परिणामी कोकणाला मिळू नये ती आशा मिळाली आणि पुगाला मिळायला हवी होती ती खोल विहीर चाळीस वर्षे मिळाली नाही.

कमी तापमानाच्या पाण्यावर वीज होतच नाही असे नाही. अलास्कातील चेना येथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर संच चालला आहे. पण तेथे थंड करण्यासाठी जवळजवळ गोठणबिंदूचे पाणी उपलब्ध असते. ३० अंशांच्या कोकणात ७१ अंशांच्या पाण्यापासून सैद्धांतिक कमाल कार्यक्षमताच सुमारे बारा टक्के येते आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही हाती लागणे कठीण. हेच पाणी मासळी, कोकम किंवा काजू वाळविण्यासाठी थेट वापरले तर त्यातील उष्णता वाया जात नाही. पावसाळ्यात मासळी वाळविणे ही किनाऱ्यावरील खरी अडचण आहे. मेगावॉटच्या चर्चेत या साध्या उपयोगाकडे नियोजनकारांनी पाहिलेच नाही, ही खेदाची बाब होय.

६ फेब्रुवारी २०२१ रोजी तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने पुगा येथे एक मेगावॉटच्या पहिल्या टप्प्यासाठी लडाख प्रशासन आणि लेहच्या स्वायत्त पर्वतीय विकास परिषदेशी करार केला. २०२२ च्या उन्हाळ्यात विंधन सुरू होताच उथळ खोलीवर उच्च दाबाचे उष्ण द्रव लागले. ते खोऱ्यातील ओढ्यात मिसळल्याने काम थांबवावे लागले. काळ्या मानेच्या क्रौंचांचा अधिवास आणि चांगपा पशुपालकांची कुरणे याच ओढ्यावर अवलंबून आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने भूऔष्णिक ऊर्जेचे पहिले राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्याच्या चर्चेतही १०,६०० मेगावॉटचा आकडा पुन्हा आला.